कोणता चेंबरलेन, कोणता जॉर्डन?

पत्र : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळतो. माझे मामा अनेक वर्षांपासून शिकागोजवळ राहतात. रविवारी त्यांच्याशी बोलणे होते आणि ते हमखास एकाच वादावर येऊन थांबते : एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासात एखाद्या खेळाडूने खेळलेला सर्वांत श्रेष्ठ हंगाम कोणता? मामांचे उत्तर मायकेल जॉर्डनचा १९८७-८८ चा हंगाम. माझे उत्तर स्टीफन करीचा २०१५-१६ चा. मामांचे एक ज्येष्ठ स्नेही अधूनमधून या बोलण्यात सामील होतात. ते विल्ट चेंबरलेनची ५० गुणांची सरासरी पुढे करतात आणि त्यापुढे कोणाचेच काही चालत नाही. मी आकडे मांडू लागलो की मामा म्हणतात, "तू जॉर्डनला खेळताना पाहिलेलेच नाहीस." निरनिराळ्या काळांतील हंगामांची तुलना करण्याची काही प्रामाणिक पद्धत आहे का? आणि मामांचा मान राखून ती त्यांना कशी सांगावी?
— भाचा, सांगली

उत्तर :

प्रिय वाचक,

तुम्ही तिघेही एका खेळाडूचा हंगाम उचलून थेट दुसऱ्याच्या हंगामासमोर ठेवता आणि वाद तिथेच अडतो. माझे सुचवणे असे, की त्याआधी प्रत्येक खेळाडूचे स्वतःचेच दोन हंगाम शेजारी ठेवून पाहावेत. चेंबरलेनची तुलना करीशी करण्यापूर्वी चेंबरलेनची चेंबरलेनशी करावी. एकाच खेळाडूने थोड्या वर्षांच्या अंतराने खेळलेले दोन हंगाम तोलताना नियम, प्रतिस्पर्धी आणि डावपेच बहुतांशी तेच राहतात. त्यामुळे आकडे कशामुळे फुगतात आणि खेळ कशामुळे उंचावतो, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या करून पाहता येतात. ही पायरी चढल्यावर तुमच्या वादातल्या निदान दोघांना आपला उमेदवार हंगाम बदलावा लागेल, असा माझा अंदाज आहे.

ज्येष्ठ स्नेह्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा आकडा सर्वांत दिपवणारा आहे. १९६१-६२ च्या हंगामात फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळताना चेंबरलेनने ८० सामन्यांत ४,०२९ गुण केले, म्हणजे सामन्यामागे ५०.४, शिवाय सामन्यामागे २५.७ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे न्यू यॉर्क निक्सविरुद्ध त्याने एकट्याने १०० गुण केले, तो सामनाही याच हंगामातला. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि चेंबरलेन त्या वर्षी सरासरी ४८.५ मिनिटे खेळला, कारण जादा वेळेत गेलेल्या सामन्यांतही तो जवळपास कधीच बाहेर बसला नाही. मला स्वतःला गुणांपेक्षा या मिनिटांचे आश्चर्य अधिक वाटते, कारण गुणांच्या आकड्याला परिस्थितीचा हातभार लागू शकतो, फुप्फुसांना तो लागत नाही.

तो हातभार केवढा होता, ते पाहू. त्या वर्षी लीगमध्ये अवघे ९ संघ होते आणि प्रत्येक संघ सामन्यामागे सरासरी ११८.८ गुण करीत होता. एकेक संघ सामन्यात सुमारे १०८ शॉट मारी आणि त्यांतले ४३ टक्क्यांहूनही कमी आत जात. करीच्या २०१५-१६ च्या हंगामात संघामागे शॉटची सरासरी ८५ च्या आसपास होती. म्हणजे चेंबरलेनच्या काळी चेंडू धावत होता, घाईने फेकला जात होता, बहुधा चुकत होता आणि चुकलेला प्रत्येक शॉट कोणाच्या तरी रिबाउंडच्या खात्यात जमा होत होता. पाटा खेळपट्टीवरची त्रिशतके आपण क्रिकेटमध्ये ज्या सावधपणे वाचतो, त्याच सावधपणे हे आकडे वाचावे लागतात.

यावरचा पहिला उपाय म्हणजे सामन्याऐवजी चेंडूचा ताबा हे माप धरणे. चेंडू एका संघाकडे आल्यापासून तो त्याच्या हातून जाईपर्यंत एक ताबा. १९६१-६२ मध्ये ४८ मिनिटांत प्रत्येक संघाला सुमारे १२६ ताबे मिळत, असा अंदाज काढला जातो. त्याला अंदाजच म्हणावे लागते, कारण आक्रमक आणि बचावात्मक रिबाउंडची वेगळी नोंद १९७३-७४ पासून आणि टर्नओव्हरची, म्हणजे शॉट न मारताच गमावलेल्या चेंडूंची, नोंद १९७७-७८ पासून सुरू झाली. त्याआधीचे ताबे मागाहून हिशेबाने काढलेले आहेत. हा अंदाज मान्य केला, तर चेंबरलेनचे ५०.४ गुण दर १०० ताब्यांमागे ४० च्या आसपास येतात. जॉर्डनचे १९८७-८८ चे ३५ गुण आणि करीचे २०१५-१६ चे ३०.१ गुण त्याच मापाने ४२-४३ च्या घरात जातात, कारण जॉर्डन सरासरी ४०.४ मिनिटे खेळला आणि करी फक्त ३४.२. ज्या तीन आकड्यांवरून तुमचा रविवार खर्ची पडतो, ते तीन आकडे माप बदलताच एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात.

मात्र स्नेह्यांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे, की हे रूपांतर त्रैराशिकासारखे सरळ नसते. ३४ मिनिटे खेळणारा खेळाडू प्रत्येक ताब्यात जी ताकद ओततो, ती ४८ मिनिटे खेळणाऱ्याला परवडत नाही. चेंबरलेनला त्या वर्षी दहा मिनिटे विश्रांती मिळाली असती, तर त्याचा ताब्यामागचा आकडा वाढला असता, असे मानायला जागा आहे. रिबाउंडच्या बाबतीत मात्र मी इतका उदार होणार नाही. त्या वर्षी दोन्ही संघ मिळून सामन्यात सुमारे १४३ रिबाउंड होत, चेंबरलेनचे २५.७ म्हणजे त्यांतले १८ टक्के. डेनिस रॉडमनने १९९१-९२ मध्ये सामन्यामागे १८.७ रिबाउंड घेतले, तेव्हा दोन्ही संघांचे मिळून ८८ च्या आसपास होत असत. म्हणजे रॉडमनचा वाटा २१ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि तोही सरासरी सात-आठ मिनिटे बाकावर बसून.

दुसरा उपाय अचूकतेचा. नुसती शॉटची टक्केवारी पाहिली, तर फ्री थ्रो (नियमभंगाबद्दल मिळणारे मोकळे शॉट) आणि दूरच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट यांचा हिशेब सुटतो, म्हणून जाणकार एकूण गुणांना एकूण प्रयत्नांच्या दुपटीने भागून 'खरी अचूकता' काढतात आणि ती त्याच वर्षीच्या लीगच्या सरासरीशी ताडून पाहतात. माझ्या मते काळाच्या पलीकडे जाणारे सर्वांत विश्वासार्ह माप हेच आहे, कारण त्यात खेळाडूची गाठ त्याच्याच समकालीनांशी पडते. १९६१-६२ मध्ये लीगची सरासरी ४८ टक्क्यांच्या किंचित खाली होती आणि चेंबरलेनची ५३.६ होती. फरक चांगला आहे, पण ५० गुणांच्या दंतकथेला शोभेल इतका नाही. हा माणूस सामन्यामागे ३९.५ शॉट मारत होता, हे ध्यानात घेतले की ते गुण कोठून आले, याचा बराचसा उलगडा होतो.

त्याच्या समकालीनांनी काय ठरवले, तेही पाहा. त्या काळी सर्वोत्तम खेळाडूचा किताब खेळाडूंच्याच मतांनी दिला जाई. पत्रकारांकडे तो अधिकार १९८०-८१ पासून आला. १९६२ मध्ये खेळाडूंनी तो किताब चेंबरलेनला न देता बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला दिला, ज्याची सरासरी १८.९ गुणांची होती. सेल्टिक्सने ६० सामने जिंकले, वॉरियर्सने ४९; आणि प्ले-ऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, सेल्टिक्सने वॉरियर्सना मालिकेच्या सातव्या, शेवटच्या सामन्यात १०९-१०७ असे हरवले, तेव्हा निर्णायक शॉट सॅम जोन्सचा होता. रसेलचा बचाव आज आकड्यांत जवळजवळ दिसतच नाही, कारण ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट) आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पर्यंत होत नव्हती. ज्यांना त्याच्या हातावरून शॉट मारायचा होता, त्यांनी मत दिले, एवढाच पुरावा उरतो. आणि तो मला पुरेसा वजनदार वाटतो.

आता चेंबरलेनचा १९६६-६७ चा हंगाम शेजारी ठेवा. संघ फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम. त्याआधी सलग सात वर्षे गुणांच्या यादीत पहिला आलेला हा खेळाडू त्या वर्षी सामन्यामागे फक्त १४ च्या आसपास शॉट मारू लागला आणि त्याची सरासरी २४.१ गुणांवर आली, म्हणजे ५०.४ च्या निम्म्याहूनही कमी. पण त्याचे ६८.३ टक्के शॉट आत गेले, रिबाउंड २४.२ झाले आणि असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, ७.८ पर्यंत चढले. त्या यादीत तो लीगमध्ये तिसरा आला. एका सेंटरने, बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने, तिसरे येणे! हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम या सहकाऱ्यांना मोकळे करून चेंडू देण्याचे काम तो करू लागला होता. फ्री थ्रोच्या रेषेवर त्याची अवस्था नेहमीप्रमाणे वाईटच होती, ४४ टक्के, आणि तरीही त्याची खरी अचूकता ६३.७ टक्के निघते, लीगच्या सरासरीपेक्षा सुमारे १४ अंकांनी वर. दरम्यान १९६४-६५ पासून बास्केटखालचा रंगवलेला पट्टा १२ फुटांवरून १६ फुटांपर्यंत रुंद केलेला होता, म्हणजे उंच सेंटरच्या दृष्टीने नियम अधिक कडक झालेले असताना हे घडले. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले, सलग आठ विजेतेपदे मिळवलेल्या सेल्टिक्सना ४-१ असे बाजूला सारले आणि विजेतेपद पटकावले.

दोन्ही हंगामांत खेळाडू तोच, मुख्य प्रतिस्पर्धी तोच, लीग जवळपास तेवढीच. मोठा आकडा पहिल्या हंगामात आहे आणि मोठा खेळ दुसऱ्या. सर्वश्रेष्ठ हंगामाच्या वादात चेंबरलेनला आणायचे असेल, तर त्याने ५० गुणांचा कागद घरी ठेवून १९६७ चा कागद घेऊन यावे, असे मी म्हणेन.

हेच आता मामांच्या जॉर्डनला लावून पाहा. १९८७-८८ चा हंगाम कोणालाही मोहात पाडेल असा आहे : ३५ गुण, ५.५ रिबाउंड, ५.९ असिस्ट, ३.२ स्टील, १.६ ब्लॉक, ५३.५ टक्के शॉट आत. सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही किताब एकाच वर्षी, शिवाय गुणांच्या यादीत पहिला क्रमांक. पण शिकागो बुल्सने त्या वर्षी ५० सामने जिंकले आणि दुसऱ्या फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना ४-१ असे घरी पाठवले. पिस्टन्सचे प्रशिक्षक चक डेली यांनी पुढे जॉर्डनसाठी खास बचाव आखला : तो हलला की दुसरा, तिसरा खेळाडू धावून यायचा, त्याला धक्के देत बास्केटपासून दूर ठेवायचे आणि चेंडू त्याच्या सहकाऱ्यांच्या हाती जाऊ द्यायचा. १९८९ आणि १९९० मध्येही बुल्स याच संघाकडून हरले.

१९९०-९१ मध्ये तोच जॉर्डन फिल जॅक्सन यांच्या प्रशिक्षणाखाली ट्रँगल पद्धतीत, म्हणजे चेंडू सहकाऱ्यांत फिरता ठेवणाऱ्या आक्रमणाच्या रचनेत, खेळत होता. सरासरी ३१.५ गुण, तीन वर्षांपूर्वीच्या तुलनेत सामन्यामागे तीन मिनिटांहून अधिक वेळ आणि दोन शॉट कमी, अचूकता तितकीच किंवा किंचित सरस. त्याचा सहकारी स्कॉटी पिपेन तोवर नवखा राहिलेला नव्हता. बुल्सने ६१ सामने जिंकले, पिस्टन्सना ४-० असे हरवले, अंतिम मालिकेत लेकर्सना ४-१. त्या मालिकेत जॉर्डनने सामन्यामागे ३१.२ गुण केले आणि ११.४ असिस्ट दिले. तिघे अंगावर आल्यावर चेंडू सोडायचा कधी, हे १९८८ च्या जॉर्डनला पुरते माहीत नव्हते. १९९१ च्या जॉर्डनला माहीत होते, आणि म्हणून त्याच्यावर तिघे सोडणे महाग पडू लागले. ३५ वरून ३१.५ वर आलेली सरासरी ही घसरण वाटते ती फक्त तक्त्यात.

इथे एक आक्षेप तुमच्या मनात येईल आणि तो रास्त आहे : सहकारी सुधारले म्हणून विजेतेपद मिळाले, त्याचे श्रेय एकट्याच्या हंगामाला का द्यावे? सरसकट देऊ नये. लेब्रॉन जेम्सचा २००८-०९ चा हंगाम याचा उत्तम नमुना आहे. त्याच्या क्लीव्हलंड संघाने ६६ सामने जिंकले, प्ले-ऑफमध्ये लेब्रॉनची सरासरी ३५.३ गुण, ९.१ रिबाउंड, ७.३ असिस्ट अशी होती, आणि तरीही ओरलँडोकडून त्यांचा पराभव झाला. तो पराभव लेब्रॉनच्या खात्यावर मांडणे मला पटत नाही. तरीही मी त्याचा २०१२-१३ चा मायामीतील हंगाम वरचढ धरतो, पण त्याचे कारण विजेतेपद नाही. चार वर्षांत त्याने बास्केटकडे पाठ करून खेळायला शिकून घेतले होते, तीन गुणांचे ४०.६ टक्के शॉट तो आत घालू लागला होता आणि त्याची खरी अचूकता ६४ टक्क्यांवर पोहोचली होती, लीगपेक्षा साडेदहा अंकांनी वर. निकालाकडे पाहायचे ते याच कारणासाठी, की खेळात नेमके काय वाढले, ते शोधायला तो भाग पाडतो. शोधूनही काही सापडले नाही, तर निकाल बाजूला ठेवावा.

आता तुमचा करी. इथे मी तुमच्या बाजूने बराच आहे. २०१५-१६ च्या नियमित हंगामात त्याने तीन गुणांचे ४०२ शॉट यशस्वी केले. त्याआधीचा विक्रम त्याचाच, २८६ चा. मामांच्या आवडत्या १९८७-८८ च्या हंगामात संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक असे शॉट डॅनी एंजचे होते आणि ते १४८ होते, कारण त्या काळी एक संपूर्ण संघ सामन्यात जेमतेम पाच वेळा रेषेबाहेरून प्रयत्न करी. खरी अचूकता ६६.९ टक्के, लीगपेक्षा जवळपास १३ अंकांनी वर, आणि तीही गुणांच्या यादीत पहिला असताना. अचूकतेची एवढी आघाडी १९६७ च्या चेंबरलेनकडेही आहे, पण तो १४ शॉट मारत होता आणि करी २०. इतक्या जास्त शॉटवर इतकी अचूकता त्याआधी कोणी राखली नव्हती. त्याचा संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स ७३ सामने जिंकला आणि फक्त ९ हरला. सर्वोत्तम खेळाडूच्या किताबासाठी सर्वच्या सर्व १३१ मते मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला.

पण प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत त्याचा गुडघा दुखावला, अंतिम मालिकेत सरासरी २२.६ वर आली आणि ३-१ अशा आघाडीनंतर वॉरियर्स क्लीव्हलंडकडून हरले. दुखापत हा खेळाडूचा दोष नव्हे, हे खरे. तरीही हंगाम ऑक्टोबरपासून जूनपर्यंतचा असतो आणि जूनमध्ये तो आधीचा करी मैदानावर दिसला नाही, हेही खरे. "सर्वश्रेष्ठ नियमित हंगाम" असा प्रश्न असेल तर करी. "सर्वश्रेष्ठ संपूर्ण वर्ष" असा असेल तर नाही. तुमच्या घरातल्या वादाचा निम्मा भाग हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे चालू आहे, असे मला वाटते. तिसरा प्रश्न काळयंत्रात बसवून करीला १९८८ मध्ये आणि चेंबरलेनला २०१६ मध्ये पाठवण्याचा. त्याला हात लावू नका. हॅण्ड-चेकिंगवर (बचावपटूने हात लावून अडवण्यावर) २००४-०५ पासून आलेली कडक बंदी, २००१-०२ पासून झोन बचावाला (खेळाडूऐवजी जागा राखण्याला) मिळालेली मोकळीक, प्रवासाची साधने, आहार, तालीम, लहानपणापासून रेषेबाहेरून मारण्याचा सराव, यांतले काय बरोबर न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हे प्रत्येक जण आपल्या आवडत्या खेळाडूच्या सोयीने ठरवतो.

समकालीनांशी तुलना करण्याच्या माझ्या पद्धतीतही एक खोट आहे आणि ती तुम्हाला आधीच सांगतो, कारण मामा नाही तर त्यांचे स्नेही ती काढतीलच. लीग दुबळी असेल, तर तिच्यात उठून दिसणे सोपे जाते. करीम अब्दुल-जब्बारचा १९७०-७१ चा हंगाम घ्या; तेव्हा तो लू अल्सिंडर या नावाने खेळत होता. ३१.७ गुण, १६ रिबाउंड, ५७.७ टक्के शॉट आत, खरी अचूकता लीगपेक्षा दहा अंकांहून अधिक वर, मिलवॉकी बक्स ६६-१६ आणि अंतिम मालिकेत ४-० असा विजय. तक्त्यावर हा हंगाम कोणाच्याही पुढे ठेवता येईल. पण त्याच वर्षी लीगमध्ये तीन नवे संघ आले, संघांची संख्या १७ झाली, आणि १९६७ पासून एबीए ही प्रतिस्पर्धी लीगही खेळाडूंना ओढून नेत होती. १९७६ मध्ये त्या लीगचे चार संघ एनबीएत येईपर्यंत अमेरिकेतील उत्तम खेळाडू दोन ठिकाणी वाटले गेलेले होते. म्हणून त्या हंगामातून थोडी कपात करावी लागते. चेंबरलेनच्या १९६२ च्या ९ संघांबाबत उलटसुलट दोन्ही बोलता येते : जागा कमी म्हणून स्पर्धा तीव्र, पण कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या अनेक संघ अलिखितपणे मर्यादित ठेवत आणि परदेशांतून कोणी येत नसे, म्हणून निवडीचा आवाका लहान. नेमकी किती कपात करावी, याचे सूत्र नाही. कपात करताना मात्र आपला उमेदवार कोण आहे, हे विसरून ती करावी.

ही कपात ताडून पाहण्याचा एक मार्ग मला आवडतो, तो म्हणजे दोन काळांना जोडणारे खेळाडू शोधणे. १९७२ मध्ये चेंबरलेन ३५ वर्षांचा होता आणि करीम पंचविशीत. त्या वर्षीच्या प्ले-ऑफमध्ये चेंबरलेनच्या लेकर्सने बक्सना ४-२ असे हरवले आणि संपूर्ण प्ले-ऑफमधील करीमची शॉटची टक्केवारी नियमित हंगामातील ५७ वरून ४४ च्या खाली आली. तोच करीम पुढे १९८९ पर्यंत खेळला आणि हकीम ओलाजुवॉनच्या समोर उभा राहिला. हकीम १९९५ च्या अंतिम मालिकेत शकील ओनीलसमोर. आणि ओनील पुढे लेब्रॉनचा सहकारी झाला. वयातला फरक लक्षात ठेवून ही साखळी वाचली, तर जुन्या काळचे लोक नव्या काळात टिकले नसते, हे विधान फार काळ टिकत नाही.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. ऑस्कर रॉबर्टसनचे १९६१-६२ चे ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट वर सांगितलेल्या वेगाच्या कात्रीतूनच जातात, फक्त असिस्टचा आकडा त्यात बऱ्यापैकी शाबूत राहतो, कारण त्या काळी नोंद करणारे असिस्ट देताना हात आखडता घेत. हकीमने १९९३-९४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू असे तिन्ही किताब मिळवले. बचावाला वजन देणाऱ्याने त्याला विसरू नये. ओनीलच्या १९९९-२००० बद्दल वाद घालायला जागाच कमी आहे : अंतिम मालिकेत ३८ गुण आणि १६.७ रिबाउंड अशी सरासरी, आणि मोठे आकडे नि मोठा खेळ एकाच वर्षी आल्याचे दुर्मिळ उदाहरण.

आता मामांविषयी. "तू पाहिलेलेच नाहीस" हे वाक्य तुम्हाला टोचते, पण त्यात तथ्य आहे. जॉर्डनच्या कमरेवर बचावपटूचा हात किती जोराने असे, पिस्टन्सच्या लेमबीअरच्या धक्क्यानंतर तो उठून पुढचा शॉट कसा घेई, हे कोणत्याही तक्त्यात नाही, आणि ज्याने त्या शहराजवळ राहून ती वर्षे पाहिली, त्याची साक्ष मोलाची आहे. तिची उणीव एवढीच, की स्मरणात चांगल्या रात्री राहतात आणि साध्या मंगळवारचे सामने गळून पडतात. म्हणून मामांना तक्ते पाठवू नका, त्यांना साक्षीदाराचा मान देऊन प्रश्न विचारा : "मामा, तुम्ही दोन्ही पाहिलेत, १९८८ चा जॉर्डन चांगला की १९९१ चा?" ते क्षणभर थांबतील आणि बहुधा १९९१ म्हणतील, कारण ज्यांनी पाहिले आहे ते सहसा तेच म्हणतात. मग त्यांनाच "का" असे विचारा आणि ऐका. ते जी कारणे देतील, तीच कारणे तुम्हाला करी, करीम आणि चेंबरलेन यांना लावता येतील, आणि ती पद्धत तुम्ही त्यांना शिकवली, असे कोणालाही वाटणार नाही.

माझा स्वतःचा कौल जॉर्डनच्या १९९०-९१ ला आहे, लेब्रॉनच्या २०१२-१३ पेक्षा थोड्या फरकाने पुढे, आणि त्यांच्या मागोमाग ओनीलचा २००० चा व चेंबरलेनचा १९६७ चा हंगाम. करीमला मी लीग विभागलेली होती म्हणून त्यांच्यानंतर ठेवतो, आणि याबाबत माझे मन पूर्ण ठाम नाही. नियमित हंगामापुरता वाद असेल, तर तुमचे उत्तर मी मान्य करीन; मात्र मामांशी बोलताना ती मर्यादा तुम्हीच आधी सांगून टाका, म्हणजे २०१६ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्याचा विषय त्यांना काढावा लागणार नाही.